सहाव्या खोलीची घंटा

ब्रिटा टॉल्फसनने एकवीस मेडिकल कॉलेजांना अर्ज केले होते. त्यातल्या बारांनी नकार कळवला, आठांनी तेवढीही तसदी घेतली नाही आणि एकाने मुलाखतीला बोलावलं. अर्जात लिहिता यावं म्हणून ही पोरगी तीन उन्हाळे डॉक्टरांच्या मागे वही घेऊन हिंडली होती, तिने इस्पितळात पेशंटच्या चाकाच्या खुर्च्या ढकलल्या होत्या, आणि रसायनशास्त्रात ‘ए’ऐवजी ‘बी’ श्रेणी मिळाली तेव्हा दोन दिवस ती जेवली नव्हती. आता सगळं त्या एका मुलाखतीवर येऊन ठेपलं होतं. ती हुकली तर मे महिन्यात पदवी घेऊन घरी यायचं आणि वडिलांच्या दुकानात बोटींच्या इंजिनांना तेल घालत बसायचं, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

बरं, मुलाखत तरी सरळ असावी की नाही? सहा उमेदवार आणि सहा खोल्या. प्रत्येक दारावर चिठ्ठी चिकटवलेली. ती दोन मिनिटं वाचायची, घंटा झाली की आत जायचं, आठ मिनिटं बोलायचं, पुन्हा घंटा झाली की बाहेर येऊन पुढचं दार गाठायचं. घंटेआधी कोणी जागचं हलायचं नाही. पाच खोल्यांत नुसते प्रश्न विचारतात, पण एका खोलीत नट बसवलेला असतो. तो रडतो नाहीतर भांडतो, आणि कोपऱ्यातले परीक्षक उमेदवार त्याच्याशी कसा वागतो ते बघून गुण देतात. भल्याभल्यांची भंबेरी उडते ती तिथेच.

मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांना सल्ला द्यायला ब्रिटाच्या कॉलेजात मिसेस ड्युवॉल नावाच्या बाई होत्या. त्यांनी तिच्याकडून चार गोष्टी घोटून घेतल्या होत्या. जवळ जाऊन बसायचं, मध्ये कसलाही अडसर ठेवायचा नाही, समोरच्याच्या भावनेला नाव द्यायचं, आणि मग तोंड मिटून गप्प राहायचं. शिवाय त्यांनी बजावलं होतं, "फाटकातून आत पाऊल टाकलंस की परीक्षा सुरू. कोण कुठे बसून गुण देत असेल, सांगता येत नाही."

सुट्टीत ब्रिटाने हा सराव वडिलांवर केला. ॲर्नी टॉल्फसन हा मिनेसोटातल्या उत्तरेकडच्या थंडीत मुरलेला माणूस. लेकीने स्वयंपाकघरात समोर बसवून, हात हातात घेऊन, त्याला असाध्य रोग झाल्याचं गंभीरपणे सांगितलं.

"बरं," ॲर्नी म्हणाला. "कॉफी टाकू का?"

"बाबा, तू रडायला हवंस."

"का? तू सांगितलंस की नीट."

बिचारीला खरा रडणारा माणूस काही सरावाला मिळाला नाही.

मुलाखतीच्या दिवशी डिसेंबरचा पहिला आठवडा चालू होता. ब्रिटा तासभर आधीच पोचली, अकरा जणांसाठी दार धरून उभी राहिली आणि कोट टांगायच्या जागेवरच्या बाईला तिने इतक्या आपुलकीने प्रकृती विचारली, की ती बाई जरा दूरच सरकली. पहिल्या पाच खोल्या मात्र झकास गेल्या. नट काही त्यांत निघाला नाही, म्हणजे तो शेवटच्या, सहाव्या खोलीत असणार. पाचवीची घंटा झाली. ब्रिटाने खोल श्वास घेतला आणि ती निघाली.

सहावी खोली वळणापलीकडे होती. वळणाच्या अलीकडे एक अर्धवट उघडं दार होतं, त्याच्यावर ना आकडा ना चिठ्ठी, आणि आतून हुंदके ऐकू येत होते. ब्रिटा थबकली. हीच सहावी खोली, आणि चिठ्ठी नाही म्हणजे काही न सांगता उमेदवार काय करतो ते त्यांना बघायचंय, हे त्या हुशार मुलीने दोन मिनिटांत ताडलं. तेवढ्यात घंटा झाली आणि ती आत शिरली.

आत साठीचा एक लठ्ठ गृहस्थ टेबलापाशी बसून ढसाढसा रडत होता. त्याचं नाव ऑर्विल हॉगन. प्रवेश कार्यालयातला हा जुना कारकून, आणि मुलाखतीच्या दिवशी त्याच्याकडे एकच काम असे. घड्याळ बघायचं आणि टेबलावरच्या डबीचं लाल बटण दाबायचं, की मजलाभर घंटा वाजे. आत्ताची घंटाही त्यानेच रडत रडत दाबली होती.

ब्रिटाने कोपऱ्यात बघितलं. परीक्षक नव्हते, पण छताला धुराचा इशारा देणाऱ्या भोंग्याचा लाल दिवा लुकलुकत होता. कॅमेरा, तिने मनाशी म्हटलं, आणि चेहरा त्याला नीट दिसेल अशा बेताने खुर्ची ओढून ती ऑर्विलच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. मग तिला अडसराची आठवण झाली. टेबलावरचं घड्याळ, फायली आणि लाल बटणाची ती डबी तिने उचलली आणि कपाटाच्या डोक्यावर नेऊन ठेवली.

"तुम्हाला फार दुःख झालंय असं दिसतंय," ती म्हणाली.

ऑर्विलने नाक शिंकरलं. घरी बायकोनेही त्याला असं कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्याला आणखीच भरून आलं. "बुडाली," तो म्हणाला. "पहाटे गोठलेल्या तळ्यावर नेली होती. माझी झोपडी, बर्फाला भोक पाडून आत बसून मासे धरायची. आणि तिला ओढत नेणारी गाडी."

"बर्फ किती जाड होतं?"

"चार इंच."

"चार इंचावर गाडी घातलीत?" ब्रिटाच्या तोंडून निघून गेलं. चार इंच बर्फ माणूस पेलतं, गाडी नाही; तळ्याकाठी वाढलेल्या कुठल्याही माणसाच्या तोंडून तेच निघालं असतं. पण तिने जीभ चावली, समोरच्याला दोष देऊ नये हे आठवलं आणि ती मिसेस ड्युवॉलांच्या सांगण्याप्रमाणे गप्प बसली. त्या शांततेत ऑर्विलने उरलेलं ओकून टाकलं. गाडी त्याची नव्हतीच. त्याच्या बायकोच्या भावाची, तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली, कोरी करकरीत. आणि बायकोचा भाऊ म्हणजे प्रवेश समितीचे प्रमुख, डॉक्टर एकलुंड. ते वरच्याच मजल्यावर बसले होते आणि त्यांना अजून पत्ता नव्हता.

ब्रिटा मनातून खूश झाली. वाईट बातमी कशी द्यायची, हा तर तिचा पाठ केलेला धडा. आणि प्रवेश समितीच्या प्रमुखांनाच गोष्टीत गोवायचं म्हणजे ज्याने कोणी हे नाटक लिहिलं त्याची कमालच होती. तिने ऑर्विलला सगळं पढवलं. फोनवर सांगायचं नाही, समोर बसवून सांगायचं, आडवळणं घ्यायची नाहीत. दोनदा त्याच्याकडून म्हणून घेतलं आणि प्रमुखांना खाली बोलवायला फोन त्याच्या हातात दिला.

एव्हाना वीस मिनिटं होऊन गेली होती. घंटा होईना म्हणून ब्रिटा उठेना, आणि ब्रिटा उठेना म्हणून घंटा होईना. बाकीच्या खोल्यांतही कोणी हललं नाही. आपलंच घड्याळ पुढे असेल, असं म्हणून घेणारी ही माणसं. पहिल्या खोलीतल्या मुलाला डॉक्टर का व्हायचंय, याचं आठ मिनिटांचं उत्तर केव्हाच संपलं होतं आणि आपल्याला खरं तर चीज बनवायला आवडतं, इथपर्यंत तो येऊन पोचला होता. खऱ्या सहाव्या खोलीत उमेदवारच नसल्यामुळे नट आणि परीक्षक पत्ते खेळत होते.

डॉक्टर एकलुंड खाली आले. दाराकडे पाठ करून बसलेल्या ब्रिटाला त्यांनी ऑर्विलची कोणी पाहुणी समजून मान हलवली. ऑर्विलने त्यांना बसवलं आणि पढवल्याप्रमाणे एका दमात सांगितलं. डॉक्टर एकलुंड ताडकन उठले आणि त्यांनी जो आवाज लावला, तो त्या इमारतीत पूर्वी कधी कोणी ऐकला नव्हता.

दुसरा नट, ब्रिटाने ओळखलं, आणि ती त्यांच्याकडे वळली. "सर, तुम्हाला राग आलाय असं दिसतंय."

"दिसतंय? अगं, मी ओरडतोय!"

"ओरडा. मी इथेच आहे. पण आधी बसून घ्या."

इतक्या मायेने त्यांना बऱ्याच वर्षांत कोणी बस म्हटलं नसावं. ते बसले. ब्रिटा गप्प राहिली, मिनिटभर, दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला प्रमुखांची हनुवटी थरथरायला लागली. त्या गाडीच्या खुर्च्या थंडीत आपोआप गरम व्हायच्या, ते म्हणाले, आणि पुढे त्यांना बोलवेना. दाराबाहेर तोवर शिपाई आणि दोन टायपिस्ट जमले होते. त्यांच्यादेखत दोघे मेहुणे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. ब्रिटाने समाधानाने छताकडे बघून स्मित केलं.

"दोघंही छान करता," ती म्हणाली. "फक्त सर, तुमचं थोडं जास्त झालं. खरा माणूस एका गाडीसाठी एवढा नाही रडत."

डॉक्टर एकलुंडांनी डोळे पुसले आणि तिच्या छातीवरचा उमेदवाराचा बिल्ला पहिल्यांदाच वाचला. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "ऑर्विल, घंटा कधी देणार आहेस?"

ऑर्विल टेबलावर चाचपायला लागला. "बटण? बटण कुठं गेलं?"

"ते मी कपाटावर ठेवलं," ब्रिटा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच ही नटाची खोली नव्हे हे उमगून ती कपाटाकडे धावली.

बेचाळिसाव्या मिनिटाला घंटा झाली. सगळ्या खोल्यांतून घसा बसलेले उमेदवार भिंतीला धरून बाहेर पडले. ब्रिटाच्या सहाव्या खोलीच्या कागदावर ‘गैरहजर’ असा शेरा पडला होता. घरी जाताना तिने गाडीत रडत रडत न्यायला आलेल्या वडिलांना सगळं सांगितलं. ॲर्नीने दहा मैल विचार केला.

"चार इंचावर गाडी घातली?" तो म्हणाला.

पुढचे दोन महिने वाईट गेले. ब्रिटाने दुकानात उभं राहायला जाड हातमोजे विकत घेतले आणि मिसेस ड्युवॉलना तोंड दाखवणं सोडलं. गैरहजर म्हणजे शून्य आणि शून्याला प्रवेश नाही, इतकं गणित तिला येत होतं. फेब्रुवारीत एका दुपारी फोन वाजला. डॉक्टर एकलुंड बोलत होते, आणि घसा खाकरण्यातच त्यांचा बराच वेळ गेला.

"त्या दिवशी त्या खोलीत आम्ही अभिनय करतोय, असं तुला वाटलं होतं. होय ना?"

ब्रिटाने डोळे मिटले. खोटं बोलावं, आपण खऱ्या दुःखी माणसासाठी मुलाखत सोडली म्हणून सांगावं, असा मोह तिला झाला. पण जमलं नाही. "हो सर," ती म्हणाली. "मला सगळं खोटंच वाटलं."

"उत्तम," डॉक्टर एकलुंड म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं आवाजातच कळलं. "तेच मी समितीला सांगितलंय. ती एक नवी परीक्षा होती, मी आणि ऑर्विलने मिळून बसवलेली. अख्खी इमारत नाहीतर काय काय बोलत होती म्हणून सांगू. मी, आणि गाडीसाठी रडतोय म्हणे."

"मग सर, परीक्षाच होती, तर मी..."

"तर तू हजर होतीस. गुणही द्यावे लागले, आणि द्यायला मी एकटाच होतो. प्रवेशाचं पत्र समोर आहे, सही तेवढी राहिलीय." त्यांनी पुन्हा घसा खाकरला. "फक्त एक. आमचा अभिनय कसा झाला, असं तुला इथे सगळे विचारणार. तेव्हा काय सांगशील?"

"हॉगन साहेबांचा फारच छान झाला," ब्रिटा म्हणाली.

"आणि माझा?"

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

"अगदी खरा वाटला, सर."