धक्का विभाग आणि काडेपेटीएवढा रिले

एका जंगलात रस्ता नवा होता आणि खड्डे जुने होते. नीट मांडी घालून बसा मुलांनो, म्हणजे पुढचं सांगतो. त्या जंगलात एकच रुग्णगाडी होती. भिवा नावाचं एक अस्वल ती चालवायचं.

एका सकाळी भिवानं किल्ली फिरवली. नुसतं 'टक' झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक'. इंजिन काही हलेना.

भिवानं काशीताईला बोलावलं. काशीताई म्हणजे साळू. अंगभर काटे, पण हात फार हलका. जंगलातली एकुलती एक मेकॅनिक. तिनं बॉनेट उघडलं, आतून एक काळी चौकोनी डबी उपटून काढली आणि नाकाशी धरली.

"रिले जळलाय," ती म्हणाली. "किल्ली फिरवली की ही डबी स्टार्टरला करंट सोडते. आतला पॉइंट जळून गेला. हा दुरुस्त होण्यातला नाही. शहरातून नवा आणला की पाच मिनिटांचं काम."

दोघं प्रधानांकडे गेले. प्रधान होते दिगंबरपंत तरस. त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली.

"एवढी मोठी गाडी काडेपेटीएवढ्या डबीनं अडते, हे प्रजेला कोणत्या तोंडानं सांगायचं?" ते म्हणाले. "ही होती तिथं परत लावा आणि अर्ज करून ठेवा. तोवर धक्का मारा."

तुळाजी रेडा आणि त्याचे तीन भाऊ शेजारी चरत होते. त्यांनी धक्का मारला. गाडी सुरू झाली. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून दिगंबरपंतही बाहेर आले, आणि तिथंच सगळं बिघडलं.

पंधरा दिवसांत धक्का विभाग निघाला. रेड्यांना निळ्या टोप्या मिळाल्या. धक्का कुठून द्यावा हे शिकवायला एक गाढव नेमलं. ते नीट शिकवतं का हे बघायला दुसरं गाढव नेमलं. रुग्णाच्या फॉर्मवर नवा रकाना आला: 'धक्का कोणी दिला?'

असे चार महिने गेले. अर्जाचं उत्तर येईना, म्हणून काशीताई स्वतःच शहरात जाऊन आली. नवा रिले तिनं प्रधानांच्या टेबलावर ठेवला.

"हा बसवला तर रेड्यांनी काय करायचं?" दिगंबरपंतांनी विचारलं.

"चरायचं. आधी चरतच होते की."

"आधी ते रेडे होते, काशीबाई. आता ते कर्मचारी आहेत." पंतांनी रिले तिच्या हातात परत दिला. "हा तुमच्याकडेच असू द्या. इथं नोंद झाली तर बसवावा लागेल."

बाहेर तुळाजी उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, खांदे रात्रंदिवस ठणकतात. पण टोपी आल्यापासून घरातली पोरं मला अहो म्हणतात. तेवढी डबी राहू दे."

काशीताईनं रिले पिशवीत टाकला आणि ती घरी गेली.

मग एका दुपारी सखू भेकरीला कळा लागल्या. पहिलटकरीण. पाडस आडवं आलेलं. दवाखाना दोन टेकड्या ओलांडून. नवऱ्यानं तिला कसंबसं गाडीत निजवलं. भिवानं मागं पाहिलं तर एकही रेडा नाही. विभागाचा वार्षिक समारंभ ओढ्यापलीकडे चालला होता.

भिवा धावत तिकडे गेला. तुळाजीच्या गळ्यात हार होता.

"आज धक्का दिन आहे, भिवा," तो कसनुसा होऊन म्हणाला. "आज धक्का द्यायला बंदी आहे."

भिवा तसाच काशीताईच्या दारात गेला. तिनं पिशवी उचलली. गाडीत सखू डोळे पांढरे करत होती. तिचा नवरा तिच्या तोंडात पाणी घालत होता, आणि ते पाणी बाहेर ओघळत होतं. काशीताईनं जळका रिले उपटला, नवा दाबून बसवला आणि म्हणाली, "मार किल्ली."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दिवस मावळायच्या आत सखूला दोन पाडसं झाली. तिघंही सुखरूप.

दुसऱ्या आठवड्यात चौकशी बसली.

"गाडी धक्क्याशिवाय सुरू केली, हे कबूल?" दिगंबरपंतांनी विचारलं.

"कबूल," काशीताई म्हणाली. "सखू जगली."

"आनंद आहे. पण विषय गाडीचा चाललाय." मग ते सखूकडे वळले. "बाई, त्या दिवशी धक्का कोणी दिला?"

"कोणीच नाही, पंत."

"म्हणजे रकाना मोकळा. म्हणजे गाडी निघालीच नाही. म्हणजे तुम्ही दवाखान्यात गेलाच नाहीत."

सखूनं अंगाशी बिलगलेल्या दोन्ही पाडसांकडे पाहिलं.

निकाल लागला. नवा रिले काढून जळका रिले सन्मानानं पूर्वीच्या जागी बसवण्यात आला. काशीताईला शिक्षा झाली नाही. पंत म्हणाले, गुणी माणसांची आपल्याकडे कदर होते. तिला धक्का विभागातच घेतलं. आता ती रेड्यांच्या मागे उभी राहते. पाठीमागचे काटे बघून रेडे असा काही जोर लावतात की गाडी निम्म्या वेळात सुरू होते. अहवालात याला 'तांत्रिक सुधारणा' म्हटलंय. मागून काटे टोचल्यामुळे तुळाजी मात्र हल्ली कुशीवर झोपतो.

आणि सखू? दफ्तरात ती अजून गरोदर आहे. दर महिन्याला एक कारकून येतो आणि दारात उभा राहून विचारतो, "कळा सुरू झाल्या का?" त्याच्या पायांमधून दोन पाडसं उड्या मारत पळतात. ती पाडसं कोणाची, असं तो विचारत नाही. त्याच्या कागदावर तो प्रश्न नाही.

"अजून नाही," सखू म्हणते.

कारकून तसं लिहून घेतो आणि जातो.

तात्पर्य: लहानशा वस्तूनं मोठं काम होत असेल, तर ते वेळीच थांबवावं. नाहीतर मोठ्यांना करण्यासारखं काही उरत नाही.