सासरेबुवा हलले नाहीत म्हणून

"शुक्रवारनंतर गुंतवणूकदारांना दारात टोकनं वाटावी लागतील," असं जावईबापूंनी सकाळच्या चहाला जाहीर केलं. ऐकायला बायको होती, पण ती डबा भरत होती. सासरेबुवाही होते, पण ते खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते, आणि एकदा पेपरात शिरले की खुर्ची कुठे संपते नि सासरे कुठे सुरू होतात हे घरच्यांनाही सांगता येत नसे. जावईबापू हे नाव त्यांनीच पाडलेलं. आता सगळी आळी तेच म्हणत होती.

बढाई अगदीच हवेतली नव्हती. एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत जावईबापू आणि त्यांचे एक भागीदार तीन वर्षं एकच उद्योग करत होते. नखाएवढी एक चिप बनवायची, जी कॅमेऱ्यातला व्हिडिओ दाबून दाबून लहान करेल. चित्रात जे बदललं तेवढंच पुढे पाठवायचं, आणि जे एकदा पाहिलं ते लक्षात ठेवून पुन्हा पाठवायचंच नाही, अशी तिची हुशारी. तिनं पहिल्यांदा व्हिडिओ हजार पट लहान करून दाखवला तेव्हा भागीदारांनी तीनदा मोजलं आणि चौथ्यांदा मोजायला घाबरले. जावईबापूंनी तो आकडा एका गुंतवणूकदार बाईंना कळवला. बाईंचा स्वतःचा फोन आला. मग दुसरा आला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, शुक्रवारी येते, माझे तांत्रिक सल्लागारही येतील. जावईबापूंना आभाळ ठेंगणं झालं.

होणारच. बाई नाही म्हणाल्या तर महिनाअखेर खोल्या सोडायच्या, चिप कपाटात टाकायची आणि मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात जाऊन बसायचं, हे ठरलेलं होतं. मेहुण्यानं मोठ्या मनानं एक टेबल रिकामंही करून ठेवलं होतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी खुद्द जावईबापूंच्याही लक्षात आली नव्हती. चिपची परीक्षा घ्यायला व्हिडिओ लागतो. पहिल्या वर्षी त्यांनी सोयीचं म्हणून घरातल्या फडताळावरच कॅमेरा ठेवला. कॅमेऱ्यासमोर काय होतं? सासरेबुवा. मग रोज सकाळी तेच. सासरेबुवांची सगळी नोकरी वजनमाप खात्यात गेलेली. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा, ही तिथली शिस्त त्यांच्या हाडांत मुरली होती. पेपरचं पान उलटायचे ते पंधरा मिनिटांनी, आणि तेही समोर तराजू असल्यासारखं. असा माणूस समोर असल्यावर चिपला काम ते काय! तीन वर्षांत तिनं सासरे पाठ करून टाकले, आणि दोन शहाण्या इंजिनिअरांना वाटलं की तिनं जग पाठ केलं.

शुक्रवारी बाई आल्या. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. सल्लागार उंच, बारीक, आणि विश्वास ठेवायचे पैसे पडतात असा चेहरा करून आलेले. जावईबापू घरचा व्हिडिओ लावणार एवढ्यात सल्लागारांनी खिशातून स्वतःचा काढला. फुटबॉलचा सामना होता. हा चालवा, म्हणाले.

चालवला. सुरुवातीला खेळाडू पळत होते. मग त्यांचे चौकोन पळायला लागले. चेंडू एकदम तीन ठिकाणी दिसला आणि नंतर कुठेच दिसेना. मैदानावरच्या गवतावर हळूहळू सासरेबुवांच्या खुर्चीच्या कव्हराची तांबडी नक्षी उमटली. चिप बिचारी, जिथे सुचेना तिथे आठवेल ते भरत होती. शेवटी कॅमेरा गोलकीपरच्या जवळ गेला आणि त्या पोरसवदा गोलकीपरला भरघोस पांढऱ्या मिशा फुटल्या. पडद्याच्या कोपऱ्यातला हजाराचा आकडा तीनवर येऊन बसला.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

जावईबापूंना खोटं सुचेना, म्हणून खरं बोलले. "माझे सासरे."

भागीदारांनी डोळे मिटून घेतले. सल्लागारांनी बॅगेची चेन लावली आणि हजाराचा आकडा निव्वळ थाप होती, असं बाईंना सांगितलं. जावईबापूंना ते फार लागलं. चिपला मठ्ठ म्हणा, पण खोटारडी म्हणू नका, असं म्हणून ते पुढे बोलून गेले की अर्ध्या तासात सासरे इथे हजर करतो, कॅमेऱ्यासमोर बसवून मोजा. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि पर्स पुन्हा टेबलावर ठेवली.

घरी फोन गेला. जावईबापू बायकोला एवढंच म्हणाले की बाबांना लगेच पाठव, सगळं आता त्यांच्यावर आहे. तिनं ते जसंच्या तसं वडिलांना सांगितलं, आणि तिथेच माशी शिंकली. निवृत्त झाल्यापासून ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, त्यांना जावयानं अडचणीत हाक मारली होती. सासरेबुवा निरोपसमारंभाचा कोट चढवून, बूट चमकवून, पेपर काखेत मारून वीस मिनिटांत जिना चढून आले. आणि आले ते बोलतच.

त्यांनी जावयाची वकिली सुरू केली. जावई कष्टाळू आहे, सरळ आहे, जरा विसरभोळा आहे, पण घेतलेलं काम सोडत नाही. हे सांगताना दोन्ही हात चालू आणि कॅमेऱ्यासमोर येरझाऱ्याही चालू. आकडा दहा, मग सहा, मग चार. पडद्यावर सासऱ्यांना चार हात आणि दीड डोकं. बाबा, बसा, असं जावईबापू आतल्या आत म्हणत होते. पण जो माणूस आपल्यासाठी कोट घालून आलाय, त्याला नुसतं गप्प बसा म्हणून कसं सांगायचं? आपल्याबद्दल सासऱ्यांना असं काही वाटत असेल, हे जावईबापूंच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

शेवटी बाईच म्हणाल्या, "काका, दमला असाल. बसा. पेपर आणलाय ना, वाचा निवांत."

सासरेबुवा बसले. पेपर उघडला. आकडा चढायला लागला. चाळीस, दोनशे, सातशे. हजार. अकराशे!

सल्लागार पडद्याला नाक लावून उभे राहिले. "चित्र अडकलंय. यात काहीच हलत नाही."

"समोर बघा," भागीदार त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले. "तिथेही काही हलत नाही."

सल्लागारांनी सासऱ्यांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा सासऱ्यांकडे पाहिलं. आता ठरवायचं कसं? काहीतरी हलल्याशिवाय चित्र चालू आहे हे सिद्ध होईना, आणि सासरेबुवा काही हलेनात. चौघं जण श्वास रोखून एका पानाची वाट पाहत राहिले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. लाँड्रीवाला काही विचारायला वर आला होता, तो हे पाहून पाय न वाजवता खाली गेला. चौदाव्या मिनिटाला सासरेबुवांनी अंगठ्याला जीभ लावली आणि पान उलटलं. पडद्यावरही उलटलं, अक्षर न् अक्षर साफ.

सल्लागारांनी चक्क टाळ्या वाजवल्या. बाईंची चाळीस गोदामं होती आणि प्रत्येक गोदामात कॅमेरे. दिवसरात्र तिथे काही घडत नसे, आणि ते सगळं जपून ठेवावं लागे.

"फुटबॉल दाखवणारे पुष्कळ भेटतात," त्या म्हणाल्या. "काहीच घडत नाही ते इतक्या थोडक्यात ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं. मी पैसे घालते."

भागीदारांनी जावईबापूंना मिठी मारली, जावईबापूंनी सासऱ्यांना मारली. सासरेबुवा समाधानानं म्हणाले, "माझं बोलणं पटलं वाटतं त्यांना." त्यावर कुणीही नाही म्हणालं नाही.

आठ दिवसांनी कराराचे कागद आले. सहाव्या पानावर एक यादी होती: 'ज्यांच्यावाचून कंपनीचं काम अडेल अशा व्यक्ती.' या व्यक्तींनी तीन वर्षं कंपनी सोडायची नाही, त्यांच्या तब्येतीची काळजी कंपनीनं घ्यायची. पहिले सासरेबुवा. दुसरे भागीदार. यादी संपली. जावईबापूंनी पान उलटंपालटं करून पाहिलं. त्यांचं नाव नवव्या पानावर सापडलं, 'इतर' या मथळ्याखाली, आणि पुढे सल्लागारांचा शेरा होता: 'गरज पडल्यास बदलता येतील.'

बायको तरी चिडेल म्हणून त्यांनी तो कागद तिला दाखवला. ती म्हणाली, बाबांना इतक्यात सांगू नका, उगाच हवेत जातील. पण जिच्यावाचून अडेल अशी व्यक्ती म्हणून एक प्रत सासरेबुवांनाही आली होती. त्यांनी ती शांतपणे वाचून, सही करून परत पाठवलीसुद्धा. मात्र पाठवण्यापूर्वी नवव्या पानावर, जावयाच्या नावासमोर, त्यांनी आपल्या ठसठशीत सरकारी अक्षरात लिहिलं होतं: 'ठेवण्यास हरकत नाही.'