कुलूप आम्ही लावतो

रोशनी पहिल्या संक्रांतीची काळी साडी नेसून, अंगभर हलव्याचे दागिने घालून साडेचारपासून पाटावर बसली होती. सहा वाजले तरी नाशिक रोडच्या त्या कॉलनीतली एकही बाई फाटकाच्या आत आली नव्हती. सासूबाई कुसाबाई चहाचं आधण उतरवत होत्या आणि पुन्हा चढवत होत्या.

"अहो, बायका कोपऱ्यावरच थांबल्यात. पोरीची पहिली संक्रांत पुन्हा येणारे का?"

"सुलतान बांधलाय म्हणून सांग," सासरे सावळीराम म्हणाले.

हेच त्यांनी गेल्या वर्षीही सांगितलं होतं. रिटायर झाल्यावर कोणी विचारीना, म्हणून त्यांनी रॉटवायलर जातीचं हे धूड आणलं. त्याला फिरवणं, शिकवणं, तोंडाला जाळी घालणं ही कामं मात्र त्यांना कमीपणाची वाटत. गेल्या हळदीकुंकवाला ते गॅलरीतून "या, बांधलाय!" म्हणाले, तेव्हा साखळी पेरूच्या झाडाला होती आणि सुलतान शेजारच्या उज्वलाच्या हाताला. वर "त्यांनी बांगड्या फार वाजवल्या हो," हेही तेच म्हणाले होते.

आता ते स्वतः कोपऱ्यावर गेले. बायका दोन पावलं मागे सरकल्या.

"स्टोअररूममध्ये कोंडतो, मग तर झालं?"

"दार ढकलून आला तर?" उज्वलाने विचारलं. "आत धरायला माणूस पाहिजे."

"कुसाला बसवतो."

"काकूंनी कुंकू लावायचं का कुत्रं धरायचं? तुम्ही बसा काका. कुलूप आम्ही लावतो."

सुनेचा पडलेला चेहरा आठवून सावळीराम सुलतानला घेऊन स्टोअररूममध्ये गेले. बाहेरून कुलूप लागलं. मिरच्यांचं पोतं, गव्हाची कोठी आणि सुलतान. इतक्या जवळ ते त्याच्या कधी बसलेच नव्हते.

बाहेर घर भरलं. बांगड्या किणकिणल्या आणि सुलतान गुरगुरला नाही, तर थरथरत कोठीमागे शिरला. गेल्या वर्षी चावल्यावर सावळीरामांनी त्याला काठीने फोडून काढलं होतं आणि "कशी शिस्त लावली!" असं चारचौघांत सांगितलंही होतं. त्यांनी गोंजारायला हात पुढे केला. सुलतानने हाताकडे पाहिलं आणि मार बसणार म्हणून डोळे गच्च मिटले.

सावळीरामांना रडू फुटलं. एवढा दांडगा जीव आपण घरात आणला आणि त्याला फक्त भ्यायला शिकवलं, याची त्यांना लाज वाटली. बाहेर रोशनी नाव घेत होती, बायका हसत होत्या. मिरच्यांमुळे डोळ्यांना पाणी आलं, असं ते पुढे सांगत.

साडेसातला उज्वलाने कुलूप काढलं. सुलतान कोठीमागून हलला नाही.

"झकास झालं हळदीकुंकू. घ्या तिळगूळ." 'गोड बोला' मात्र ती म्हणाली नाही.

तिळगूळ घेताना सावळीरामांना तिचा हात पहिल्यांदाच नीट दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत व्रण होता.

"दुखतो का गं अजून?"

"थंडीत दुखतो." तिने पदर हातावर ओढला. "भिंतीला भिंत लागून घर आपलं, काका. एवढं विचारायला वर्ष लागलं."