सोफ्याचं कव्हर आणि नऊ लिंबं

मी निवृत्त झालो त्या दिवसापासून आमच्या घरात रसायनांना बंदी आहे. लिंबू, मीठ, खायचा सोडा आणि व्हिनेगर. या चौघांपुढे टिकेल असा डाग अजून पडायचाय, असं मी भेटेल त्याला ठासून सांगत असे. सांगत असे म्हणजे, काही महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारपर्यंत. आता फारसं बोलत नाही. थकलोय हो!

झालं असं, की बायकोनं दोन महिने खपून आमच्या सोफ्याला कव्हर शिवलं. मोरपंखी रंगाचं, कडेनं दुहेरी शिलाईचं. शिवणकामाचा स्वतःचा धंदा काढायचं तिच्या मनात वीस वर्षं होतं. मंगळवारी चार वाजता एका हॉटेलच्या मॅनेजरबाई हा नमुना पाहायला घरी येणार होत्या. पसंत पडला, तर हॉटेलातल्या सगळ्या सोफ्यांचं काम तिला! पहिलीवहिली ऑर्डर!

"मी दोरे घेऊन तीनपर्यंत येते," चपला घालताना ती म्हणाली. "तोवर एवढंच करा. सोफ्यावर बसू नका."

मी बसलो नाही. शपथेवर सांगतो! मी फक्त सोफ्याच्या हातावर चहाचा कप ठेवला आणि उभ्या उभ्या पेपरचं पान उलटलं. पेपर कपाला लागला. मधल्या गादीवर बशीएवढा डाग!

मेव्हण्याची लॉण्ड्री आहे. त्याला फोन लावला.

"भाऊजी, ओल्या फडक्यानं नुसतं टिपा. घासू नका. मी निघतोच."

"तू येऊ नकोस!" मी ओरडलो. हा येणार, सोबत उग्र वासाच्या रसायनाची बाटली आणणार आणि वर ताईला सगळं सांगणार. "माझ्याकडे नैसर्गिक उपाय आहेत."

"म्हणूनच येतो म्हटलं," तो म्हणाला. यायचं नाही असं पुन्हा बजावून मी फोन ठेवला.

दोन लिंबं पिळली, मीठ भुरभुरलं, भांड्यांच्या ब्रशनं घासलं आणि गादी खिडकीतल्या उन्हात ठेवली. अर्ध्या तासात डाग गायब! मी स्वतःचीच पाठ थोपटणार, तोच लक्षात आलं की डागाबरोबर रंगही गेलाय. मोरपंखी गादीच्या मधोमध एक फिकट, टक्कल पडल्यासारखा गोल!

आता गोल झाकायचा कसा? सोपं आहे! सगळी गादीच तेवढी फिकट करायची. उरलेली सात लिंबं त्यात संपली. मग मधली गादी फिकट आणि शेजारच्या दोन गडद दिसायला लागल्या. लिंबं नाहीत, म्हणून डावीला व्हिनेगर चोळलं. उजवीला सोड्याचा लेप दिला. लेप वाळून पापुद्रे धरले, म्हणून त्यावरही व्हिनेगर ओतलं. फेस असा उसळला, की तो गादीवरून सतरंजीवर आला आणि मी पंचाहत्तर टक्के ओला झालो!

तीन वाजता बायको दारात. पिशवी हातात तशीच.

सोफ्यावर तीन गाद्या होत्या, तीन रंगांच्या. खोलीला लोणच्याच्या बरणीसारखा वास येत होता.

"मी बसलो नाही," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि दोऱ्यांची रिळं मांडीवर घेऊन एकेक मोजू लागली. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिचे दोन महिने मी दोन तासांत धुऊन टाकले होते.

मॅनेजरबाई बरोब्बर चारला आल्या. सोफ्याकडे पाहिलं. मग ब्रश हातात धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"हे कोणी केलं?"

"मी. तिचा काही दोष नाही. रंग सुंदर होता हो, खरंच!"

"किती वेळ घासलंत?"

"दोन तास. नैसर्गिक पद्धतीनं."

बाईंनी कव्हर उलटं केलं. शिवण दोन्ही हातांनी ताणली. नखानं खरवडली. पुन्हा ताणली. एक टाका हलला नव्हता!

"आमची गिऱ्हाईकं यापेक्षा कमी छळतात," त्या बायकोला म्हणाल्या. "कापड मी पक्क्या रंगाचं देईन. शिवण मात्र हीच हवी. चाळीस कव्हरं."

बायकोनं डोळ्याला पदर लावला. मीही लावला असता, पण माझ्या बाहीला व्हिनेगर होतं. मी छाती जरा पुढे काढून म्हणालो, "म्हणजे एका अर्थी ही ऑर्डर माझ्यामुळेच..."

"एक अट आहे," मॅनेजरबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "प्रत्येक कव्हरला आतून सूचनेची पट्टी लावायची. 'डाग पडल्यास घरगुती उपाय करू नयेत.' आमच्याकडेही असे उत्साही लोक आहेत."

पट्ट्या लावायचं काम बायकोनं माझ्याकडे दिलंय. मशीनला हात लावायचा नाही, सुईदोऱ्यानंच. काल सतरावी पट्टी लावून तिच्यापुढे धरली. तिनं चष्मा नाकावर ओढला, पट्टी उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाली, "तिरकी गेलीय. उसवा."