झाकणाला स्क्रू हाय का?

साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरात शिरताना लोक चपला काढतात, सुभेदार आप्पा स्क्रू ड्रायव्हर काढतात. चहा विचारला तर आधी पंख्याचा रिमोट मागतात, उलटा करून डोळ्यांजवळ नेतात आणि विचारतात, "झाकणाला स्क्रू हाय का?"

नसला तर झाकणावर चिकटपट्टीचे चार वेढे. वजनकाटा, गाणारं वाढदिवसाचं कार्ड, काही सुटत नाही. फौज सुटून बारा वर्षं झाली, गस्त काही सुटली नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर हद्द झाली. मी वाण म्हणून बॅटरीवरच्या इवल्या पणत्या आणल्या होत्या. बायका बसलेल्या, माझी आठ महिन्यांची चिऊ त्यांच्यातून रांगत फिरतेय, आणि दारात आप्पा!

"आवं आप्पा, हळदीकुंकू हाय हे," सासूबाई म्हणाल्या.

"मग मलाबी लावा. पर त्या पणत्या आदी हिकडं द्या."

बायका खुसखुसल्या. मी तडकले, "आप्पा, आज तरी पुरे करा!" त्यांनी ऐकलंच नाही. एकेक पणती उलटी करत सुटले. एकीचं झाकण उघडं होतं, आतली चकतीएवढी बॅटरी गायब.

"पोरगी कुटाय?" आप्पा ओरडले.

चिऊ खिडकीखाली, मूठ तोंडाशी. आप्पांनी झेप घेऊन ती उघडली. हलव्याच्या दाण्यांबरोबर ती चकचकीत चकती. मी धावत जाऊन चिऊला कवटाळलं.

बायका गेल्यावर आप्पा चकतीला पट्टी गुंडाळत बसले. 

"कुंडलला नात हाय माजी," ते म्हणाले. "गाणारी बाहुली मीच दिली हुती. चकती गिळली तिनं. मीच म्हणलो, केळं चारा, सकाळी निघंल. तवाच दवाखाना गाठाय पायजे हुता. आतनं गळा भाजला. वाचली पोर, पर अजून पेजंवर हाय."

"भेटायला जाता ना?"

"दोन वर्सं झाली. सून बोलावती. पोर फोनवर घोगऱ्या आवाजात म्हणती, 'आबा, नवी बाहुली आना.' काय घिऊन जाऊ, सांग."

मला माझ्या मघाच्या बोलण्याची लाज वाटली. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची शिवलेली चिऊची बाहुली मी आणून त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी सवयीनं ती उलटी केली, पाठ चाचपली. मग छातीशी धरली.