दक्षिणेकडे तोंड केलेला अँटेना

"यंत्राचं माझ्यावर सोडा!" महादेवराव आयुष्यात पहिल्यांदाच छाती काढून बोलले, आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून लगेच इकडेतिकडे पाहू लागले.

ऐकलं होतं. त्यांची बायको, आनंदाबाई, दारातच उभी होती. "सोडलं! पण रविवारी बारसं हाय, ध्यानात ठेवजा."

मुलगा प्रफुल मस्कतला. नातू तिकडेच झालेला. पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या सपना इथे, समुद्रपूरच्या उत्तरेला तीन कोसांवरच्या गावात! तेव्हा ठरलं की सपनाने कॉम्प्युटरसमोर 'कुर्रर्र' करायचं, आणि प्रफुलने तिकडे स्पीकर बाळाच्या कानाशी धरायचा. अडचण एकच. डेटाकार्डाची रेंज म्हणजे नवी नवरी; दारातून डोकावायची आणि आत पळायची!

महादेवराव शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. त्यांनी तीन पानं टिपणं काढली, चौथ्या पानावर 'हे सगळं चूकही असेल' असं लिहिलं आणि रेंज ओढणारा अँटेना आणायला हिंगणघाटला बंडूजींच्या दुकानात गेले.

"हा दांडीवाला न्या," बंडूजी म्हणाले. "चारी बाजूनं पकडते. हा काड्यांवाला लांबचं पकडते, पण एकाच दिशेचं. कोणाचा हात लागला का गेलं!"

"माझ्या गच्चीवर कोण हात लावतो?" महादेवराव पुटपुटले आणि काड्यांवाला घेऊन आले. समुद्रपूरच्या टॉवरकडे, म्हणजे थेट दक्षिणेकडे, त्याचं तोंड केलं. पाचही रेघा भरल्या!

रविवारी प्रफुल दिसला, सूनबाई दिसली, पाळणा दिसला. सपना पुढे वाकली, चार बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारले... आणि प्रफुल आ वासलेला तसाच गोठला!

"काऊन थांबला हा?" आनंदाबाई किंचाळल्या.

"माझंच काहीतरी चुकलं," म्हणत महादेवराव जिना चढले. गच्चीवर शेजारचे तानबा पाना घेऊन उभे!

"या, या! तुमचा अँटेना साफ उलटा होता. नागपूरकडे करून देल्ला!"

वीस वर्षं गावातल्या प्रत्येक टीव्हीचा अँटेना तानबांनीच नागपूरकडे फिरवून दिला होता. "दक्षिणेले तोंड कोण करते, महादेवराव? अन् खालून कोणी 'आलं, आलं' म्हणून ओरडून काऊन नाई राह्यलं?"

"तो टीव्हीचा नाही हो!" महादेवराव चक्क ओरडले. स्वतःच दचकले. "फिरवा परत! बोल्ट आवळा!"

"बोल्ट होय? तो खाली कडब्यात पडला."

मग काय! महादेवरावांनी अँटेना दक्षिणेकडे वळवला आणि खांबाला मिठी मारून उभे राहिले.

"आलं! आलं!" खालून गलका झाला. "हलू नका!"

पाठोपाठ 'कुर्रर्र', धपाधप धपाटे, हसू, टाळ्या.

"नाव काय ठेवलं?" महादेवरावांनी वरून विचारलं.

"हलू नका!"

अर्ध्या तासाने आनंदाबाई पेढा घेऊन वर आल्या. खांब धरलेल्या नवऱ्याच्या तोंडात त्यांनीच तो घातला. "मल्हार ठेवलं. पोरगं अगदी तुमच्यावर गेलं हो."

"असं? नाकाने की डोळ्यांनी?"

"सारे बोलून राह्यले होते, अन् हा एकटाच गप्प, वर पाहत!"

महादेवरावांचे डोळे भरून आले. तेवढ्यात तानबा पेढा चघळत म्हणाले, "नागपूरकडे राहू देल्लं असतं, तर चित्र अजून साफ आलं असतं!"