मागें घेतलेल्या अकराव्या निबंधाची हकिकत

श्री धन्वंतरीचे चरणीं मस्तक ठेवून, आणि ज्यांचे देहावर हें शास्त्र शिकलें त्या रोग्यांचें स्मरण करून लिहिलें ऐसीजे. शके एकोणीसशें सात, क्रोधननाम संवत्सरे, माहे कार्तिक, ते समयीं एका राज्यांत वैद्यराज निळकंठराव वेंगुर्लेकर क्षयरोगावर उपाय शोधीत होते. त्यांचे प्रयोगशाळेंत अनसूयाबाई तळेकर जंतू राखीत. राज्याचा दस्तूर ऐसा कीं, वैद्यांची योग्यता निबंधांच्या संख्येवरून ठरे, आणि जंतू राखणारांचीं नावें निबंधाचे अखेरीस, आभारांत, बारीक अक्षरांत येत. पौषांत राजसभा बसणार, आणि ज्याचे पदरीं अकरा निबंध नाहींत त्याची शाळा मोडणार, ऐसा हुकूम जाहला. रावांचे दहा होते. मग रावांनीं मनसुबा केला कीं, क्षयाचे लसींतील जंतू कर्करोगाचे गांठीशेजारीं सोडावे, म्हणजे देहाचे निजलेले पहारेकरी जागे होऊन गांठीवर चालून जातील. उंदरांवर प्रयोग महिनाभरांत उरकला, गुण कांहींच आला नाहीं, आणि सभा जवळ आली म्हणोन "या जंतूंचा कर्करोगावर उपयोग नाहीं" ऐसा अकरावा निबंध घाईनें धाडला, आणि तो स्वीकारल्याचें पत्रही आलें.

परंतु बाईंची रीत ऐसी कीं, लसीच्या प्रत्येक खेपेंतील थेंबभर अंड्याचे खाद्यावर पेरून नळी उबेंत ठेवावी आणि सहा आठवडे वाट पाहावी, कारण हे जंतू फार सावकाश वाढतात. सहा आठवडे भरले, बाईंनीं नळ्या काढिल्या, तों सगळ्या कोऱ्या. मग बाईंस आठवलें कीं, बर्फांतून काढिलेल्या कुप्यांच्या चिठ्ठ्या ओल्या होत्या, अक्षर फुटेल म्हणोन आपण त्या कुप्या दुपारभर खिडकींत उन्हास ठेविल्या होत्या, आणि या जंतूंस ऊन सोसत नाहीं. बाई बहुत घाबऱ्या जाहल्या. बोलावें तर रावांची शाळा बुडते, न बोलावें तर कोणास कळणार नाहीं. दोन दिवस अन्न गोड लागलें नाहीं, आणि तिसरे दिवशीं सकाळीं त्या रावांपुढें उभ्या राहिल्या.

"राव, अकरावा निबंध खोटा आहे. जंतू मेलेले होते. मीच मारले. उन्हात ठेवले."

"पापडांसारखे?"

"तसेच."

रावांनीं एक कोरी नळी उचलून उजेडाकडे धरिली. मग म्हणाले, "बाई, सभा चार दिवसांवर आहे."

"ठाऊक आहे. पण लोक तुमचं वाचतील आणि हे औषध कुणी कुणाला देऊन बघणार नाही. मला काढून टाका, पण ते मागे घ्या."

"तुम्हाला काढून उन्हापासून राखण कोण करणार?" म्हणोन रावांनीं तेथेंच निबंध मागें घेतल्याचें पत्र लिहिलें.

मग सभा भरली. दुसऱ्या शाळेचे वैद्य मुतालिक हसून म्हणाले, "वेंगुर्लेकर, लोक निबंध पुढे धाडतात, तुम्ही परत आणता. आता दहाच की हो." तेव्हां एक वृद्ध वैद्य होते, ते म्हणाले, "मुतालिक, यांनी स्वतःचा खोटा स्वतः काढला, तर उरलेले दहा खरे असणार. तुमचे किती खरे आहेत, ते आधी सांगा." तेव्हां शाळेस दोन वर्षांची मुदत मिळाली.

मग बाईंनीं कुप्यांस काळ्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, प्रयोग मुळापासोन जाहला, जिवंत जंतूंनीं पहारेकरी जागे केले आणि उंदरांच्या गांठी विरल्या. निबंध लिहितां रावांनीं बाईंचें नाव आपले शेजारीं, वरचे ओळींत घातलें.

"अहो, मी तर मारले होते," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर कळलं, जिवंतच लागतात."

पुढें तोच उपाय मूत्राशयाचे कर्करोगाचे माणसांवर जाहला आणि बहुत जण बरे होऊन घरीं गेले. त्यांतील एक विणकर दर संक्रांतीस तिळगूळ घेऊन येई, आणि बाईंसाठीं एक वार काळें कापड आणी.

सारांश, राव निवर्तले, आणि त्यांचे नांवें दप्तरीं त्र्याहत्तर निबंध नोंदले आहेत. बाई आतां ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि कोणी पुसलें तर चौऱ्याहत्तर सांगतात. मागें घेतलेला त्या आधीं मोजतात.